ह्येका भातो खंय?

पियानोला ८८ पट्ट्या असतात. त्यांतल्या पांढऱ्या ५२, काळ्या ३६. मला यंदा ५२ पूर्ण झाली आणि डोक्यावरचे काळे केस मोजले तर ३६च्या आतच आटपतील. पत्रिका इतकी जुळल्यावर आता पियानो शिकायचाच, असं मी जेवताना जाहीर केलं. आई म्हणाली, "आदी पंपाचा काय ता बग."

खरा पियानो घ्यायचा प्रश्नच नव्हता. त्यात सव्वादोनशेच्या आसपास पोलादी तारा असतात, आणि मालवणच्या खाऱ्या हवेत आमच्या फाटकाची कडीसुद्धा दोन पावसाळे धड टिकत नाही. शिवाय वजन. ग्रँड पियानो तीनशे-चारशे किलो सहज भरतो आणि आमच्या घरी यायचं तर व्हाळावरचा साकव ओलांडून यावं लागतं. गेल्या वर्षी त्या साकवावरून गाभण म्हैस न्यावी की नाही, यावर वाडीची बैठक बसली होती. तेव्हा डिजिटल.

डिजिटल पियानो ही एक वस्तू आहे, असं मला फोंडा घाट चढेपर्यंत वाटत होतं. कोल्हापूरच्या दुकानातल्या पोराने विचारलं, "काका, कुठला बघायचा? स्लॅब, स्टेज, कन्सोल, ग्रँड की हायब्रिड?" स्लॅब ऐकून क्षणभर वाटलं, चुकून सिमेंटच्या दुकानात शिरलो.

मी आधी समोरच्या ६१ पट्ट्यांच्या वाद्याकडे बोट दाखवलं. त्यावर पोराने, शाकाहारी माणसाने सुकटीच्या टोपलीकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. तो कीबोर्ड निघाला. त्याच्या पट्ट्या हलक्या, स्प्रिंगवर उडणाऱ्या. पियानोच्या पट्टीमागे हातोडी असते, तिचं वजन बोटाला लागायला हवं. खऱ्या पियानोत खर्जाकडच्या हातोड्या जड आणि वरच्या सुरांकडे जाल तशा हलक्या. डिजिटलमध्ये वाजवायला तारच नाही, पण वजन मात्र तसंच, डावीकडून उजवीकडे कमी होत जाणारं, मुद्दाम बसवतात. विज्ञानाने ओझं उतरवलं आणि गिऱ्हाइकाने पैसे मोजून परत चढवून घेतलं. आमच्या वाडीत याला देवाक सांगणं करून भूत परत आणणं म्हणतील.

पुढची पाहणी व्हिडिओ कॉलवर झाली, कारण पसंती बायकोची हवी होती. स्लॅब म्हणजे ८८ पट्ट्यांची सव्वाचार-साडेचार फुटी फळी, वजन अकरा-बारा किलो, खाली कात्रीसारखं स्टँड. बायको म्हणाली, "इस्त्रीचं टेबल आहे आपल्याकडे." स्टेज पियानो दिसायला रुबाबदार, पण बहुतेकांत स्पीकरच नसतो, बाहेरून अँप्लिफायर जोडायचा. म्हणजे आवाज शेजाऱ्याकडून मागून आणायचा. डिजिटल ग्रँडचं तर मला नवलच वाटलं. खऱ्या ग्रँडला ती मुरडलेली कंबर येते ती खर्जाच्या तारा लांब आणि टिपेच्या आखूड म्हणून. डिजिटलमध्ये तारा नाहीत, तरी कंबर तशीच आणि वर झाकण उघडं टाकून ऐट. देवगड हापूसच्या पेटीत कर्नाटकचा आंबा भरलेला आम्ही बघितलाय. हा प्रकार तसा ओळखीचा. हायब्रिडमध्ये खऱ्या पियानोची लाकडी यंत्रणा, खऱ्या हातोड्या, फक्त हातोडी तारेवर पडायच्या जागी सेन्सर. त्याची किंमत ऐकून मी मनातल्या मनात कलमं मोजली. बागेसकट विकली असती तरी घाट उतरायला भाडं उरलं नसतं.

उरला कन्सोल. लाकडी कपाटासारखं अंग, खाली तीन पेडल, वर सरकतं झाकण, वजन चाळीस-बेचाळीस किलो. "झाकण आहे ना? मग तोच," बायको म्हणाली. "वर गणपतीतल्या समया राहतील." आवाज कसा आहे हे अखेरपर्यंत कोणीही विचारलं नाही.

मीही विचारलं नसतं, पण पोरगा सांगतच सुटला. मोठ्या कॉन्सर्ट पियानोची एकेक पट्टी हळू, मध्यम, जोरात वाजवून तो आवाज मुद्रित करून आत साठवलेला असतो म्हणे. काही वाद्यांत तर व्हिएन्नाच्या बोसेंडॉर्फर इम्पीरियलचा आवाज असतो, ज्याला मुळात ९७ पट्ट्या. पॉलिफोनी १२८ की १९२, हा पुढचा प्रश्न. म्हणजे एका वेळी किती सूर वाजू शकतात. मी म्हटलं, बाबा रे, बोटं दहा, त्यातला एक अंगठा विळीवर कापलेला. तेव्हा कळलं की पेडल दाबून ठेवलं की आधीचे सूर विरत नाहीत, ते घुमत असतात आणि नवे येतच राहतात. शिवाय स्टीरिओ आवाजाला एकेका सुरामागे दोन जागा लागतात. आमच्या ग्रामसभेची पॉलिफोनी मग दोनशेच्या खाली नसावी.

आंब्याच्या टेम्पोतून खोकं आलं. साकव पार झाला. जोडणीला चार तास लागले आणि शेवटी एक स्क्रू उरला. तो मी कोणाला दाखवला नाही.

खरी परीक्षा संध्याकाळी झाली. आमचे भजनीबुवा, डबलबारीत समोरच्या बुवाला नारदाच्या विण्यापासून विहिरीच्या रहाटापर्यंत काहीही विचारून गप्प करणारे, वाद्याभोवती एक प्रदक्षिणा घालून आले. मागून वाकून बघितलं, खालून बघितलं.

"ह्येका भातो खंय?"

"भाता नसतो बुवानू. विजेवर चालतो."

"इतके पैशे घातलंस आणि भातो पण नाय?"

मी समजावायला गेलो. पेटीचा आवाज लहानमोठा होतो तो भात्याने, पट्टी कशीही दाबा. यात तो बोटाने होतो. हळू दाबली तर हळू, जोरात मारली तर जोरात. १७००च्या सुमाराला फ्लॉरेन्समध्ये क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने हीच करामत केली, म्हणून वाद्याचं नावच 'हळू आणि जोरात' अशा अर्थाचं पडलं, आणि पुढे त्यातलं 'हळू' तेवढं राहिलं. बुवांनी ऐकून घेतलं. आमच्या घरात 'हळू' या शब्दाचा कोणी वंशज नाही, हे त्यांना माहीत आहे.

मग ते बसले. दशावतारात पायपेटीवर उभी हयात गेलेली. खाली पेडल दिसल्याबरोबर दोन्ही पाय आपोआप चालू झाले, डावा-उजवा, डावा-उजवा, शिवणयंत्रासारखे. उजव्या पेडलने सूर घुमायचे, डाव्याने दबायचे, परत घुमायचे. पंढरीचा विठोबा कधी पडवीत आला, कधी थेट बावीत जाऊन बोलू लागला. मधल्या पेडलला त्यांनी हात, म्हणजे पाय, लावला नाही. त्याचं काम दाबल्या क्षणी धरलेले सूर तेवढेच लांबवायचं. घरातल्या मधल्या भावासारखं ते असतं, पण त्याला कोणी विचारत नाही.

"काळी दोन दी," बुवा म्हणाले. मी ट्रान्सपोजचं, म्हणजे सगळे सूर वर-खाली सरकवायचं, बटण तीनदा दाबलं. बुवांनी पांढरी एक दाबली आणि काळी दोनचा सूर आला. त्यांनी हात मागे घेतला. स्केलचेंजर पेटी त्यांच्याकडे आहे; तिच्यात पट्ट्यांची फळी डोळ्यांदेखत सरकते. इथे काहीच हललं नव्हतं.

"पट्टी सरकाक नाय आणि सूर सरकलो कसो?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच मापात खोट केली. "ह्या लबाड आसा." आणि पेटी ही मुळात पॅरिसहून आलेली, १९४० साली आकाशवाणीने दाराबाहेर काढलेली आणि तीस वर्षं बाहेर ठेवलेली, तरी कोकणातल्या एकाही भजनाने तिला सोडलं नाही, हेही त्यांनी जाता जाता ऐकवलं. हे सगळं खरं असल्यामुळे मला उत्तर देता आलं नाही.

जूनमध्ये पाऊस लागला. कौलांवर पाऊस कोसळायला लागला की व्हिएन्ना ऐकू येत नाही, बोसेंडॉर्फर असो की कोणी असो. वीजही लहरीने यायची. मी हेडफोन घेतला आणि रात्री सगळे झोपल्यावर, दिवा न लावता, माजघरात सराव करू लागलो. हेडफोन खोचला की बाहेर आवाज शून्य, असं पोराने सांगितलं होतं.

तिसऱ्या सकाळी आई म्हणाली, "माळ्यार उंदीर झालेत." चौथ्या सकाळी तपशील वाढला. "धा वाजता बरोबर येता. टक टक टक करीत डावीकडसून उजवीकडे जाता, मधीच अडाकता, परत पयल्यापासून सुरू करता. म्हातारो आसतलो."

उंदीर आमच्याकडे नवा नाही. मी स्वतःच बाजारातून लाकडी फळीचा, स्प्रिंगचा सापळा आणून दिला, सुक्या बांगड्याचा तुकडाही मीच लावला. कुठे ठेवायचा ते आईवर सोडलं.

त्या रात्री पहिल्यांदाच दोन्ही हात एका लयीत गेले. उजवीकडे जाताना अडकलो नाही, परत येतानाही नाही. आनंदाच्या भरात शेवटचे तीन सूर एकदम धरले, ते घुमत राहावेत म्हणून अंधारात उजवा पाय पुढे टाकला, आणि तो पेडलच्या थोडा अलीकडे पडला.

मी उडालो तशी हेडफोनची पिन निसटली आणि आतल्या खोलीतून, भर पावसाच्या वर, आईचा विजयी आवाज आला, "गावलो! गावलो मेलो!"