संगीत महालात स्पीकरच्या भिंती कशाला?

आज सकाळी एका मित्राने विजापूरजवळच्या तोरवीच्या संगीत महालातील कालच्या कार्यक्रमाची छायाचित्रे पाठवली आणि ती पाहिल्यापासून माझा संताप आवरत नाही. मधल्या उंच कमानीवर फ्लेक्स, समोरच्या कोरड्या हौदात मांडव आणि दोन्ही बाजूंना माणसाच्या दुप्पट उंचीचे स्पीकर. हाच कार्यक्रम एखाद्या मंगल कार्यालयात झाला असता, तर काय बिघडले असते?

दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने १५९९ मध्ये विजापूरच्या पश्चिमेला नवरसपूर हे शहर वसवायला घेतले; संगीत महाल त्यातलाच. सरस्वतीची आणि गणपतीची स्तुती दख्खनी पदांत गाणारा, आपल्या तंबोऱ्याला ‘मोतीखान’ म्हणणारा हा सुलतान होता. १६२४ मध्ये निजामशाहीच्या मलिक अंबरने ते शहर लुटले. तरीही महालाची कमान, हौद आणि तट अजून एकमेकांसमोर उभे आहेत, आणि तिथला आवाज या तिघांतून घडतो.

हे मी ऐकले आहे, म्हणूनच इतक्या ठामपणे लिहितो आहे. काही वर्षांपूर्वी याच आवारात मोजक्या कलाकारांनी मंचाविना आणि माइकविना एक प्रयोग केला होता. गायिका कमानीखाली बसली होती, सनईवाला तटाच्या पलीकडे होता, टाळकरी कोपऱ्यांत पांगले होते आणि आम्हा श्रोत्यांना हवे तिकडे फिरण्याची मोकळीक होती. हौदाच्या काठाने चालताना गाणे मागे पडून टाळ पुढे यायचे आणि चार पावलांवर तीच सनई भलत्याच दिशेने ऐकू यायची.

मागे बसलेल्यांना ऐकू आले पाहिजे, हे मान्य. मग माणसे कमी बोलवा, प्रयोग दोनदा करा. पण गोंगाटाला सोय म्हणू नका. गोलघुमटाच्या सज्जात जवळजवळ ३८ मीटर व्यासाच्या घुमटाखाली या टोकाची कुजबुज त्या टोकाला पोहोचते, तरीही तिथे जाऊन आपण किंचाळतो. वास्तू बोलत असताना गप्प राहण्याची सवयच आपल्याला उरलेली नाही, याचा मला सर्वांत जास्त राग येतो.

त्या प्रयोगातील गायिकेचे गाणे मात्र विसरता येत नाही. एक ओळ संपली की ती थांबायची, कमानीत घुमणारा स्वर पूर्ण विरू द्यायची आणि मगच पुढची ओळ उचलायची. लय जणू ती वास्तूच धरून होती. शेजारी उभे असलेले तोरवीचे एक आजोबा चपला काढून भिंतीला तळहात लावून ऐकत होते. ते कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटले, मी मराठीत ‘हो’ म्हणालो आणि आम्हा दोघांनाही ते पुरले.

कालच्या कार्यक्रमानिमित्त आवारातील झुडपे निघाली, एवढे श्रेय मी देतो, आणि आयोजकांची तळमळही खोटी नसेल. त्यांना एवढीच विनंती आहे की, पुढच्या वेळी मांडव तटाबाहेर घाला, हौद मोकळा ठेवा आणि कलाकारांना आदल्या संध्याकाळी तिथे नुसते फिरू द्या, म्हणजे कोणी कुठे उभे राहायचे ते त्यांचे त्यांनाच उमगेल. टाळकरी कमी पडत असतील, तर आमच्या अथणीच्या भजनी मंडळातील मंडळींना मी स्वतः गाडीतून घेऊन येतो.