रजा तुझी, भार शेजारच्या टेबलावर

डोंबिवलीच्या फडके रोडवर शटर कायमचे ओढलेल्या एका दुकानाच्या पायरीवर आमचा शनिवारचा कट्टा भरतो. खरी नावे लिहीत नाही. कट्ट्यावर हाका मारतो तीच इथे ठेवतो. साहेब मुंबईत सरकारी कचेरीत आहे, शेठचा एमआयडीसीत पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा चौदा कामगारांचा कारखाना आहे, ताई एका खाजगी कंपनीच्या लेखा विभागात आहे, आणि मी रोज लॅपटॉपची बॅग पोटाशी धरून गाडी पकडणाऱ्या हजारोंपैकी एक आहे.

या शनिवारी वादाला सुरुवात केली ती शेठने. त्याच्याकडे तयार माल तपासणारी जी बाई आहे, तिला चौथा महिना लागला असल्याचे तिने त्याला सांगितले होते. "सव्वीस आठवडे लिहायला सरकारचे काय जाते?" असे म्हणून त्याने चहाचा ग्लास पायरीवर आपटला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठीची प्रसूती रजा बारा आठवड्यांवरून सव्वीसवर गेली, तेव्हापासून लहान मालक बाई कामावर घेताना दहा वेळा विचार करतो, आणि त्यात मालकाचा दोष नाही, असे त्याचे म्हणणे होते.

साहेबाने त्याला शांतपणे विचारले, "तिचा पगार एकवीस हजारांच्या आत आहे ना? मग तू कामगार विमा योजनेत सव्वातीन टक्के कशासाठी भरतोस?" पात्र कामगार बाईला प्रसूतीच्या रजेत पूर्ण मजुरीइतकी रक्कम विमा महामंडळ देते, मालक देत नाही, हे शेठला ठाऊक नव्हते असे नाही, त्याचा हिशेबनीस ते पाहत असल्याने त्याच्या लक्षात नव्हते एवढेच. तो थोडा वरमला. पण माणूस व्यवहारी असल्याने लगेच खऱ्या अडचणीवर आला. "पगार सुटला, मान्य. पण गठ्ठा नुसता हातात घेऊन त्यात दोन खोकी कमी आहेत हे सांगणारी बाई मी सहा महिने कुठून आणू? तिचे काम बाकीच्यांवर पडणार आणि ते मला शिव्या घालणार."

यावर ताई इतका वेळ गप्प होती ती बोलू लागली. ती रजेवर असताना तिचे जीएसटी विवरणपत्रांचे काम शेजारच्या दोघींत वाटून दिले होते आणि दोघींचेही आधीचे काम कमी केले नव्हते की पगारात एका पैशाची वाढ केली नव्हती. ती परत आली त्या दिवशी त्यांच्यापैकी एकीने सगळ्या फाइली तिच्या टेबलावर रचल्या आणि "झाला ना आराम?" असे हसत विचारले. "मला तिचा राग आला नाही," ताई म्हणाली, "कारण माझी रजा कंपनीने दिली असली तरी सोसली तिनेच होती."

मला वाटते, त्या संध्याकाळचा खरा मुद्दा हाच होता. आपण धोरणांचे गोडवे गातो ते किती दिवसांची रजा यावरून. रजेच्या काळात ते काम कोण करणार याची ओळ त्या धोरणात असते का, हे कोणी पाहत नाही. माझ्या कंपनीत सोयीच्या वेळा आहेत, घरून काम आहे, मनःशांतीचे एक अ‍ॅपसुद्धा फुकट दिले आहे (ते रात्री अकराला श्वास घेण्याची आठवण करते). केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला मूल झाल्यावर पंधरा दिवसांची रजा मिळते. खाजगी क्षेत्रासाठी तसा कायदा नाही, पण आमच्याकडे पाच दिवस देतात. मुलगी झाली तेव्हा मी ते पाचही दिवस घेतले आणि त्यांतले तीन प्रसूतिगृहाच्या जिन्यावर, मांडीवर लॅपटॉप ठेवून काढले. मला कोणी सक्ती केली नव्हती. माझे काम दुसऱ्या कोणाच्या नावावर लावलेलेच नव्हते.

सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडलेल्या खाजगी विधेयकाचा विषय साहेबाने काढला; कामाची वेळ संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क त्यात मागितला होता. मला तो हक्क हवाच आहे, पण फोन न उचलता ते काम होणार कसे, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

मग साहेबाने लोखंड्यांची गोष्ट काढली आणि ती या वादात इतकी चपखल बसेल असे मला वाटले नव्हते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी कित्येक वर्षे लढून मुंबईच्या गिरणीकामगारांना १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळवून दिली. "ती टिकली, कारण रविवारी गिरणीचा भोंगाच वाजत नसे," साहेब म्हणाला. "सगळेच घरी, त्यामुळे कोणाचा भार कोणावर नाही." त्याच्या कचेरीचा पाच दिवसांचा आठवडाही त्याच जातीचा आहे. २९ फेब्रुवारी २०२० पासून शनिवार बंद झाला, त्या बदल्यात रोजची वेळ सव्वासहापर्यंत वाढली आणि त्याची सहाच्या आतली गाडी कायमची गेली, तरी शनिवारी रजेचा अर्ज लिहावा लागत नाही आणि कोणाचे तोंड पाहावे लागत नाही. याउलट राज्य सरकारने महिला कर्मचाऱ्यांना दिलेली एकशे ऐंशी दिवसांची बालसंगोपन रजा त्याच्या शाखेतल्या बाई तुकड्यातुकड्यांनी आणि ओशाळून मागतात, कारण तिथे आधीच दोन खुर्च्या रिकाम्या आहेत.

पाळणाघरावर मात्र ताईने आम्हा तिघांनाही गप्प केले. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावे, असे कायदा सांगतो. तिच्या कार्यालयात तशी पाटी लावलेली खोली आहे. आत प्रिंटरच्या कागदाची खोकी आहेत आणि एक पाळणा आहे, ज्याचे प्लॅस्टिकचे वेष्टन अजून काढलेले नाही. "उद्या ती खोली चकाचक केली तरी सकाळच्या आठच्या फास्टमध्ये सात महिन्यांचे मूल घेऊन मी चढणार आहे का?" तिने विचारले. तिला पाळणाघर हवे ते घराजवळ, आणि कंपनीने त्याची फी द्यावी. डोंबिवलीकर बाईचे हे म्हणणे नियम लिहिणाऱ्याला सुचले नसेल, कारण तो बहुधा मोटारीने कचेरीत जातो.

शेठ अजून स्वतःच्याच अडचणीत होता. तेव्हा ताईनेच त्याला हिशेब मांडून दाखवला. आमच्या कंपन्यांत रजेचा पगार कंपनीच्या तिजोरीतून जातो, म्हणून बदली माणसाला पैसे नाहीत अशी सबब तरी सांगता येते. शेठच्या बाबतीत महामंडळ पैसे देणार, म्हणजे तिचा सहा महिन्यांचा पगार त्याच्याकडे शिल्लक राहणार. त्या पैशात माणूस का घेऊ नये?

"शिकायलाच दोन महिने जातात," शेठ म्हणाला.

"मग तिच्यासमोरच शिकू दे. बाळंतपणाआधी जास्तीत जास्त आठ आठवडे रजा घेता येते. तिला आत्ता चौथा लागलाय."

शेठने रिकामा ग्लास बाजूला सरकवला आणि अंगठ्याने बोटांची पेरे मोजायला सुरुवात केली. मग त्याने विचारले, "तिची धाकटी बहीण बारावी होऊन घरीच बसली आहे म्हणे. तिला सोमवारी बोलावू का?"