रिकाम्या हाताने जाऊ नये

आमच्या लग्नालासुद्धा एक्सेल लागलं नव्हतं. पण गेले चार महिने घरात ‘स्काय_फायनल_५’ नावाची एक फाइल नांदते आहे. रात्री पोरं झोपली की मी आणि बायको तिच्यासमोर बसून हलक्या आवाजात भांडतो.

ठरलं होतं इतकंच, की मे अखेरच्या सुट्टीत लीड्सहून गाडी काढायची आणि स्कॉटलंडच्या स्काय बेटावर जायचं. शाळा बुडवून आधी जाऊ म्हटलं, तर इंग्लंडात दर मुलामागे दर पालकाला ८० पौंडांपासून दंड. म्हणजे घरं स्वस्त असतात तेव्हा दंड, आणि सुट्टी लागली की अख्खा देश त्याच घरांवर तुटून पडतो. जानेवारीत मी ‘अजून खूप वेळ आहे’ असं म्हणालो होतो. हे वाक्य बायकोने फ्रीजरमध्ये ठेवल्यासारखं जपलंय, लागेल तेव्हा गरम करून वाढते. फेब्रुवारीत एकच घर उरलं होतं, तेही शनिवार ते शनिवार. आम्हाला चार रात्री हव्या होत्या; भाडं सातचं भरलं.

पहिला तंटा पुलावरून झाला. १९९५ पासून स्कायला पूल आहे, गाडी सरळ बेटावर जाते. बायकोचं म्हणणं, “पुलावरून जायचं तर ते बेट कसलं? ठाण्याहून मुलुंडला गेल्यासारखं वाटेल.” तिला मॅलेगहून आर्माडेलला जाणारी बोट हवी. मी मात्र पुलाच्या प्रेमात होतो, कारण त्याचा इतिहास वाचला होता. सुरुवातीला टोल जबर होता, लोकांनी तो भरायला नकार दिला, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि २००४ च्या डिसेंबरात टोल कायमचा गेला. टोलनाका बंदही पडू शकतो, हे वाचून पुणे-मुंबई रस्त्यावर वाढलेला माणूस हळवा होणारच. शेवटी जाताना बोट, येताना पूल, असं ठरलं.

मग चिलटं आली. तिकडे त्यांना मिज म्हणतात. चिलटाएवढीच, पण चावणारी, आणि येतात ती जथ्याने. हवा दमट आणि पडलेली असली की त्यांचं फावतं. वारा सुटला की त्यांना उडवत नाही. म्हणून मी वारा सुटावा अशी इच्छा करायला लागलो. त्यावर बायकोने शांतपणे सांगितलं, की फार वारा सुटला तर बोट रद्द होते. त्या क्षणापासून घरात दोन परस्परविरोधी प्रार्थना चालू आहेत. तोवर मी डोक्यावरून घ्यायच्या जाळ्या मागवल्या. धाकट्याने ती घालून बघितली, आरशात स्वतःला ओळखलं नाही आणि भोकाड पसरलं.

धाकटा साडेतीन वर्षांचा. डायपर सुटून जेमतेम दोन महिने झालेत. त्याला शू ‘लागते’ आणि शू ‘होते’ यांत साधारण चाळीस सेकंदांचं अंतर असतं. माझ्या शीटमध्ये सुरुवातीला मोठ्या हौसेने रंगवलेल्या ओळी होत्या: हिरव्या ओळीत क्विरँगचे कडे, निळ्यात नीस्ट पॉइंटचा दीपस्तंभ, पिवळ्यात डनव्हेगनचा किल्ला. बायकोने शेजारी एक नवा रकाना उघडला आणि वर लिहिलं, ‘शू’. त्या रकान्याने माझं बेट गिळलं. आता आम्ही कुठे जाणार हे निसर्ग ठरवत नाही. म्हणजे निसर्गच ठरवतो, पण वेगळ्या अर्थाने. क्विरँग कड्यामुळे गेलं, कारण धाकटा उतार दिसला की धावतो. नीस्ट पॉइंटची वाट खाली जाताना सोपी, पण परत वर येताना तो कुणाच्या खांद्यावर असणार हे मला विचारायची गरज पडली नाही. थोरलीला वळणांवर मळमळतं, आणि स्कायवर कितीतरी रस्ते एकाच गाडीच्या रुंदीचे, समोरून कुणी आलं की मधूनमधून कडेला ठेवलेल्या मोकळ्या जागेत थांबून वाट द्यायची. तिच्यासाठी आवळा सुपारी, पिशव्या, जुना टॉवेल अशी वेगळी बॅग झाली आहे. त्या बॅगेवर तिने स्वतःच्या हाताने परीचं चित्र काढलंय, कारण यादीत ‘फेअरी पूल्स’, म्हणजे परींचे डोह, आहेत. तिथे पऱ्या नसतात, नुसतं गारठलेलं स्वच्छ पाणी असतं, हे तिला कोण सांगणार यावर अजून चर्चा चालू आहे.

या सगळ्यात पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला.

“कुणाकडे उतरणार आहात?”

हा प्रश्न आमच्या घरात कुठल्याही प्रवासाला विचारला जातो. चंद्रावर निघालो तरी आई विचारेल. मी ‘भाड्याचं घर’ असं म्हणायच्या आत थोरली मधे घुसली.

“आजी, आम्ही एका म्हाताऱ्याकडे जाणार आहोत!”

चूक माझी. ‘ओल्ड मॅन ऑफ स्टॉर’चं मी तिला कौतुकाने ‘स्टॉरचा म्हातारा’ असं मराठी करून सांगितलं होतं. तो खरा दगडाचा सुळका, सुमारे पन्नास मीटर उंच. पण आईचा चेहरा खुलला होता.

“एकटेच असतात का? स्वभावाने बरे आहेत ना?”

“डोंगरावर असतात,” थोरली म्हणाली.

“अगं बाई. थंडीत? मग काहीतरी घेऊन जा हं. मोठ्या माणसांकडे रिकाम्या हाताने जाऊ नये.”

मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण तोवर विषय पावसावर गेला होता. स्कायला तिथल्या गेलिक भाषेत ‘धुक्याचं बेट’ही म्हणतात, हे मी अभिमानाने सांगितलं. “पाऊस नि धुकंच बघायचं तर जुलैत महाबळेश्वरला ये की,” आई म्हणाली, “निदान गरम भजी तरी मिळतील.” मला याचं उत्तर अजून सापडलेलं नाही.

काल रात्री सामान भरून झालं. रेनकोट सात (माणसं चार, हिशेब बायकोचा), मेतकूट, इंडक्शनवर चालणारा छोटा कुकर, पॉटी. गाडीत जागा होईना म्हणून एकेक बॅग पुन्हा उघडत गेलो. थोरलीच्या पाठपिशवीत तळाशी, मोज्यात गुंडाळलेला एक स्टीलचा डबा निघाला. आत बेसनाचे पाच लाडू.

“हे कशाला गं?”

“म्हाताऱ्याला.”

“पाच?”

“बाबा, तो पन्नास मीटर आहे ना!”

ती झोपायला गेल्यावर मी एक खाल्ला. चार पुरतील त्याला.