जुनी फोर-बाय-फोर घेताना इंजिन शेवटी बघा

‘नव्या गाडीत वीस लाख कशाला घालता? तीन-चार लाखांत जुनी डिझेल फोर-बाय-फोर घ्या. इंजिन मरत नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही म्हणून बिघाड नाही, कोपऱ्यावरचा मिस्त्रीसुद्धा दुरुस्त करतो. फोर-बाय-फोर वापरलेलंच नसेल तर ते नव्यासारखंच. पंधरा वर्षं झाली तर रिपासिंग करून टाकायचं.’

पावसाळा जवळ आला की अशा अर्थाचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतो. मला या चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या मनापासून आवडतात, लोकांनी त्या घ्याव्यात असंच वाटतं. पण हा सल्ला वाचून गेलेला माणूस बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतो, खूश होतो आणि बयाणा देऊन येतो. जिथे बघायला हवं तिथे त्याची नजरच जात नाही.

‘इंजिन मरत नाही’ हे बऱ्याच अंशी खरं आहे. महिंद्राचं २५२३ सीसीचं डीआय इंजिन ऑइल वेळेवर बदललं तर वर्षानुवर्षं साथ देतं. आणि बसलंच, तरी ते पुन्हा उभं करता येतं. लायनर-पिस्टन, बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग ही कामं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पिढ्यान्‌पिढ्या चालू आहेत. खर्च येतो, पण गाडी वाचते. म्हणून इंजिन ही या खरेदीतली सगळ्यात कमी भीतीची गोष्ट आहे. तेवढं एक करा: गेल्या गेल्या बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी या, कारण डिझेलचं खरं रूप गार स्टार्टलाच कळतं. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण उघडा. तिथून भकाभका धूर येत असेल तर कंप्रेशन खाली उतरतंय, म्हणजे रिंगा-लायनर झिजलेत.

‘इलेक्ट्रॉनिक्स नाही’ हे महिंद्राच्या एमएम ५४० या जुन्या जीपच्या काळातलं वाक्य आहे. आज बाजारात ‘जुनी’ म्हणून मिळणारी २०१० नंतरची थार सीआरडीई किंवा त्याच सुमाराची स्कॉर्पिओ ही कॉमन रेल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची गाडी आहे. तिला ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) आहे, सेन्सर आहेत आणि हजार बारच्याही वर दाबाने डिझेल फवारणारे इंजेक्टर आहेत. डिझेलमधलं थोडंसं पाणी त्यांना बिघडवायला पुरतं. डिझेल फिल्टरखालचं पाणी नियमित काढायला हवं, आणि बिघाड शोधायला स्कॅनर असलेला माणूस हवा. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीबद्दल मला आदर आहे, पण बोलेरोचा क्लच रोज उतरवणाऱ्याने ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, कधी खोललेली असेलच असं नाही. इंजिनाचे पार्ट तालुक्याला मिळतात, पुढच्या अ‍ॅक्सलचे शोधावे लागतात.

आता सगळ्यात फसवा मुद्दा: ‘फोर-बाय-फोर वापरलंच नाही.’ विकणारा हे अभिमानाने सांगतो आणि घेणारा मान डोलावतो. खरं तर वर्षानुवर्षं न हललेला लिव्हर गंजून धरतो, सील वाळून तेल गळतं, पुढच्या चाकाला अ‍ॅक्सलशी जोडणारं हबचं लॉक जाम होतं. महिन्यातून एकदा मातीत दोन-चार किलोमीटर फोर-हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीचा गिअर) लावून चालवलेली गाडी कधीही बरी. तपासायचं तर मोकळ्या मातीत किंवा चिखलातच तपासा. या बहुतेक गाड्यांना पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं मधलं डिफरन्शियल नसतं आणि वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, त्यामुळे कोरड्या डांबरावर सगळा ताण गिअर आणि शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसवर येतो. आणि पुढचा शाफ्ट फिरतोय एवढ्यावर समाधान मानू नका. हब लॉक होत नसेल तर शाफ्ट फिरत राहतो, चाक मात्र ओढत नाही. चढाच्या चिखलात गाडी घाला, एकाला बाजूला उभं करा आणि पुढची चाकं माती उकरतात का ते बघायला सांगा. नंतर गाडी थांबवून फोर-लो (चारही चाकं, कमी वेग, जास्त जोर) टाकून बघा. शेवटी अ‍ॅक्सलवरच्या डिफरन्शियलचा प्लग सोडवून तेल बोटावर घ्या. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. गरम अ‍ॅक्सल ओढ्याच्या गार पाण्यात बुडाला आणि ब्रीदर (अ‍ॅक्सलमधली हवा आत-बाहेर करणारी नळी) तुंबलेला असला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं.

चासीबद्दल, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याबद्दल, त्या मजकुरात एक शब्द नाही, आणि जुनी गाडी मरते ती तिथेच. कोकणातली, त्यातून वाळूवर नाचवलेली गाडी असेल तर खाली झोपल्याशिवाय पैशाचं बोलूच नका. ताजा काळा रंग मारलेला दिसला तर जास्त सावध व्हा. छोटी हातोडी घेऊन मागच्या पाट्या (स्प्रिंग) टांगलेल्या हँगरजवळ आणि बॉडी चासीवर बसते त्या माउंटच्या आसपास ठोकत जा. चांगलं लोखंड टणटण वाजतं. आवाज बद्द झाला किंवा पापुद्रे गळाले तर चासी आतून खाल्लेली आहे. तिथे लावलेला पॅच वर्षभर दिसायला ठीक राहतो, पण चासीच्या पोकळ पेटीतला गंज आत चालूच असतो.

राहिलं रिपासिंग. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. कारसाठीचं हे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५००० रुपये झालं होतं. पर्यावरण कर वेगळा, आणि आरटीओत गाडी दाखवावी लागते ती वेगळीच. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरचे निर्बंध दिल्ली परिसरातले आहेत, महाराष्ट्रातले नाहीत. तिथल्या गाड्या स्वस्तात इकडे येतात त्या त्याचमुळे. अशी गाडी घेताना तिकडची एनओसी हातात येऊ द्या आणि इथला कर किंमतीत धरा.

पेट्रोलच्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवलेलं असेल तर आरसीवर इंधन आणि इंजिन नंबर तोच आहे का, ते स्वतः जुळवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल परवानगीशिवाय चालत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनी पहिल्यांदा तेच काढते. कागद जुळत नसतील तर इंजिन कितीही गोड वाजू दे, पुढची गाडी बघायला निघा.