हुडी, सुरी आणि जिन्यातला दिवा

थ्रिलर चित्रपटाची पहिली दोन मिनिटं लिहून आणि शूट करून आणा, असं मास मीडियाच्या कुठल्याही वर्गात सांगा. आठवड्याभरात जे कागद येतात, त्या सगळ्यांचा नायक एकच असतो : काळी हुडी. हुडीच्या आत कोण आहे, हे दिग्दर्शकालाही ठाऊक नसतं. मे महिन्यातलं पुणं, पारा चाळिशीला टेकलेला, माणसं उसाच्या रसाच्या गाडीला चिकटलेली, आणि त्यांच्यातून एक इसम टोपी डोळ्यांपर्यंत ओढून, खिशात हात खुपसून चाललाय. त्याला बघून प्रेक्षक घाबरत नाही. बिचाऱ्याला थंडीताप आला असावा, म्हणून हळहळतो.

हे खर्डे वाचायचं काम ज्याच्या नशिबी येतं, त्याला पान उलटायच्या आधीच पुढचं पान कळतं. गजर वाजतो. पांघरुणातून हात येऊन तो बंद करतो. पाय जमिनीला टेकतात. आरसा, टूथब्रश, तोंडावर पाण्याचा हबका. यात ३५ सेकंदं गेली. मग अनोळखी नंबर : "हॅलो? हॅलो? कोण बोलतंय?" आणखी १५. मग बूट, जिना, सुरी, किंकाळी, काळोख. आणि काळोखावर पांढऱ्या अक्षरांत ‘तीन महिन्यांपूर्वी’. म्हणजे मिळालेली सगळी वेळ उधळून आपण मागे जाणार, आणि बहुधा तिथेही कोणीतरी दात घासत असणार.

माझं मत विचाराल, तर दात घासण्याचं पान चर्चेविना फाडावं. उरलेल्या प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारावा : हे कॅमेऱ्याला दिसतं का? ‘राधिकाला भूतकाळातली ती घटना आठवते आणि तिचं मन सुन्न होतं’ या चालीचं वाक्य नसलेला पहिला खर्डा दुर्मीळ. अशा वेळी कॅमेरा धरणाऱ्या पोराने निरागसपणे विचारावं, ट्रायपॉड कुठे लावू, भूतकाळात की मनात? लांबीचाही घोळ असतोच. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब ठरावीक टंकाच्या, ठरावीक समासाच्या इंग्रजी पटकथेचा. वहीतल्या तिरक्या मराठी अक्षराला तो लागू पडत नाही. त्यापेक्षा घड्याळ लावून खर्डा मोठ्याने वाचावा, आणि नुसता वाचू नये, हालचाली करत वाचावा. दार उघडायचं तर खरंच उठून दार उघडावं. दोन मिनिटांचा म्हणून आणलेला खर्डा साडेपाच मिनिटं भरतो. मग तोडगा येतो : "सर, आपण फास्ट कट करू ना!"

खरं दुखणं लांबीचं नाहीच. पोरांना वाटतं, थरार म्हणजे लपवणं. खुनी लपवा, चेहरा लपवा, कारण लपवा, खोलीही अंधारात लपवा. सगळं लपवून झालं की प्रेक्षकाच्या वाट्याला फक्त बूट उरतात. थरारपटांचा उस्ताद दिग्दर्शक हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक त्रूफोला दिलेल्या मुलाखतींतला टेबलाखालच्या बॉम्बचा दाखला सगळ्यांना पाठ असतो. बॉम्ब अचानक फुटला तर १५ सेकंदांचा धक्का. तो टेबलाखाली आहे आणि एक वाजता फुटणार हे प्रेक्षकाला आधी सांगितलं, तर १५ मिनिटांची धाकधूक. परीक्षेत यावर दहा मार्कांचं उत्तर झकास लिहितात. त्याच संध्याकाळी शूटला जाऊन बॉम्बही लपवतात आणि टेबलही.

म्हणून दुसऱ्या खर्ड्यात दुरुस्ती एकच करायची : प्रेक्षकाला एक गोष्ट लवकर सांगून टाकायची आणि मग त्याला ताटकळत ठेवायचं. ती गोष्ट शोधायला लांब जावं लागत नाही. हल्ली पुष्कळ सोसायट्यांच्या जिन्यात सेन्सरचे दिवे असतात. माणूस आला की लागतात, गेला की थोड्या वेळाने विझतात. आता बघा. रात्रपाळीहून आलेली एक बाई. लिफ्टवर ‘बंद आहे’ अशी पाटी. ती जिना चढू लागते. पहिल्या मजल्यावर दिवा लागतो, दुसऱ्यावर लागतो, तिसऱ्यावर लागतो. मागचे एकेक विझत जातात. तीस सेकंदांत, कोणी चकार शब्द न काढता, प्रेक्षकाला नियम समजला. चौथ्या मजल्यावर ती दारापाशी थांबून पर्समध्ये किल्ली शोधते. आणि खाली, दुसऱ्या मजल्यावर, दिवा लागतो. पावलांचा आवाज नाही. मग तिसऱ्यावर लागतो. हुडीही लागली नाही, सुरीही नाही. घाईच्या वेळी किल्ली सापडत नाही, हे तर कोणालाही समजावून सांगावं लागत नाही.

कागदावर हे फक्कड. प्रत्यक्ष जिन्यात मात्र सेन्सर दिग्दर्शकाचं ऐकत नाही. तो अंगाच्या उष्णतेची हालचाल टिपतो. त्याच्या लेखी नायिका, कॅमेरामन आणि चहाचे कप घेऊन वर येणारा मित्र सारखेच. दिग्दर्शकाने ‘ॲक्शन’ म्हणताना हात वर केला, तरी दिवा लागतो. तेव्हा वॉचमनकाकांना सांगून सेन्सरवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवायची. मग प्रत्येक मजल्यावर एक्स्टेन्शन बोर्ड, होल्डरमध्ये ९ वॉटचा एलईडी बल्ब, आणि बटणापाशी एक मित्र, कोपऱ्यात अंग चोरून बसलेला. त्याला खूण मोबाइलवर करायची, ओरडून नाही. जिन्यात आवाज चार मजले हिंडून परत येतो. दिवा लागण्या-विझण्यातलं अंतर सगळ्या मजल्यांवर एकच ठेवायचं. प्रेक्षक काही सेकंदं मोजत बसत नाही, पण एक दिवा भलत्याच वेळी विझला, तर त्याला खुनी नाही, वायरमन आठवतो. आणि शूट संपल्यावर टेप काढायची. नाहीतर सेक्रेटरींचं पत्र येतं, आणि ते कुठल्याही थ्रिलरपेक्षा जास्त पानांचं असतं.

वेळेचं गणित शूटच्या दिवशी कोणालाच करायचं नसतं, म्हणून ते आदल्या आठवड्यात करावं. दोन मिनिटं म्हणजे १२० सेकंदं. शॉट सरासरी साडेतीन सेकंदांचा धरला तर सुमारे ३५ शॉट. प्रत्येक शॉटला जागा ठरवणं, दिवा लावणं, तालीम आणि तीन टेक मिळून १५ मिनिटं धरली, तर पावणेनऊ तास. जिना मिळतो रात्री दहा ते बारा. आता एकतर पाच रात्री मागायच्या, नाहीतर शॉट गाळायचे. गाळावेत. आणि कोणते, हे कळायला मोबाइलवर जिन्याचे साधे फोटो काढून एडिटिंगच्या टाइमलाइनवर तीन-तीन सेकंदांचे लावावेत आणि मित्राला दाखवावेत. ज्या फोटोवर तो जांभई देतो, तो शॉट गेला.

मोबाइलचा कॅमेरा हे एक वेगळंच पात्र. ऑटोवर ठेवला की त्याला काळोख सहनच होत नाही. जीव तोडून तो सगळं उजळतो आणि भिंतीवर मुंग्या आल्यासारखे दाणे नाचू लागतात. दिवा लागला की तो दचकतो, चित्र आधी पांढरं होतं आणि मग सावकाश ताळ्यावर येतं. आपला सगळा थरार नेमका त्या क्षणी होता. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर (चित्र किती उजळ दिसायचं ते) लॉक करायचं, तेही दिवा लागलेला असताना. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मोबाइल मात्र बहुधा सेकंदाला ३० फ्रेमवर चालतो आणि शटर १/६० सेकंदाच्या आसपास ठेवतो, म्हणून चित्रावर काळे पट्टे सरकतात. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं की पट्टे जातात. एरवी त्या पट्ट्यांना पोरं ‘इफेक्ट’ म्हणून खपवतात.

ब्रिटनमधल्या ए-लेव्हलच्या (आपल्या अकरावी-बारावीसारख्या) मीडिया स्टडीजमध्ये ओसीआर या परीक्षा मंडळाने बरीच वर्षं हेच काम दिलं होतं : नव्या चित्रपटाची श्रेयनामं आणि सुरुवात, जास्तीत जास्त दोन मिनिटं. त्याआधी एक सराव करावा लागे. एका पात्राने दार उघडायचं, खोली ओलांडायची, दुसऱ्या पात्रासमोरच्या खुर्चीत बसायचं आणि दोघांनी एक-दोन वाक्यं बोलायची. ऐकायला पोरखेळ वाटतो. करून बघा. बाहेरून दार उजव्या हाताने उघडलं जातं, आतून बघतो तर डाव्या हाताने. बॅग जिन्यात उजव्या खांद्यावर, दारात डाव्या. मग कॅमेरा ‘लाइन’, म्हणजे दोन पात्रांना जोडणारी मनातली रेघ, ओलांडून पलीकडे जातो आणि समोरासमोर बसलेली माणसं एकाच भिंतीकडे बघत बोलतात. यावर इलाज कंटाळवाणा आहे : हालचाल प्रत्येक शॉटमध्ये आधीपासून नंतरपर्यंत पूर्ण करून घ्यायची, दोन-तीन सेकंदं जादाची, आणि कट हात फिरत असताना मारायचा. प्रत्येक टेकनंतर बॅग, पदर आणि भिंतीवरचं घड्याळ यांचे फोटो काढायला एक माणूस नेमायचा. हे काम गटातल्या सगळ्यात खडूस मुलीला द्यावं. तिला कोणी उलट बोलत नाही.

आवाजाकडे शेवटी बघू, असं सगळे म्हणतात आणि खरोखरच शेवटी बघतात. जिन्यातली शांतता रेकॉर्ड करून आणली की तिच्यात पाण्याच्या पंपाची मोटर असते, कुकरच्या तीन शिट्ट्या असतात आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मालिकेचं शीर्षकगीत असतं. फ्लॅटच्या आत शूट असेल तर पंखा आणि फ्रीज बंद करायचा. फ्रीज बंद केला की दुचाकीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवायची, म्हणजे तो पुन्हा चालू केल्याशिवाय घरी जाता येत नाही. दुसरा मोबाइल रेकॉर्डर म्हणून नटीच्या वीतभर अंतरावर लपवायचा आणि शॉटच्या सुरुवातीला टाळी वाजवायची, म्हणजे नंतर आवाज आणि चित्र जुळवता येतं. सगळे गप्प उभे राहून ३० सेकंदांचा रूम टोनही, म्हणजे त्या जागेचा नुसता रिकामा आवाजही, घ्यायचा. त्या ३० सेकंदांत कोणीतरी हसतंच, म्हणून दोनदा घ्यायचा. किल्ल्यांचा जुडगा आणि पावलं नंतर वेगळी, माइकजवळ रेकॉर्ड करायची. सुरी हट्टाने ठेवलीच असेल, तर एक लक्षात घ्या : लाकडी खणातून सुरी काढताना ‘सर्रकन’ असा आवाज खऱ्या आयुष्यात होत नाही. तो उलथन्यावर सुरी घासून बनवावा लागतो. मोडणाऱ्या हाडासाठी ताजा मुळा उत्तम.

रक्ताबद्दल थोडक्यात. केचप नको, तो केचपच दिसतो. एक वाटी साखरेचा दाट पाक, अर्धा चमचा लाल खायचा रंग, पाव चमचा कोको पावडर आणि निळ्या रंगाचा एकच थेंब. त्यात थोडं भांडी घासायचं लिक्विड घातलं, तर कपड्यांवरून निघायची आशा असते, मात्र मग ते तोंडात जाऊ द्यायचं नाही. प्रेताला लवकर मोकळं करावं. पाकाला मुंग्या लागतात, आणि प्रेत हलायला लागलं की शॉटचा प्रकारच बदलतो.

मग श्रेयनामं. कॉम्प्युटरवर ‘दिग्दर्शन’ टाइप करावं, तर वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते, जोडाक्षर सुटं होतं आणि रफार डोक्यावरून उतरून पाय मोडलेला ‘र्’ होतो. प्रीमिअर प्रो या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या ग्राफिक्समध्ये टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ केलं की हे सुधारतं. एवढं न करता पोरं श्रेयनामं इंग्रजीत देऊन टाकतात, हा मला आळसच वाटतो. नाव शांतपणे दोनदा वाचून होईल इतका वेळ पडद्यावर असावं, आणि दुसऱ्या मजल्यावरचा दिवा लागतो त्या फ्रेमवर तर कोणाचंही नसावं, दिग्दर्शकाचंसुद्धा. याच एका मुद्द्यावरून गट फुटतात. कोणी एक शब्दही बोलत नाही अशा फिल्मला ‘संवाद’ या श्रेयाखाली दोन नावं असतात, तीही मैत्रीखातर राहू द्यावीत.

एडिट झालं की गटाबाहेरच्या माणसाला दाखवायचं आणि स्वतः तोंड बंद ठेवायचं. आधी काही सांगायचं नाही, मध्ये ‘इथे अजून म्युझिक टाकायचंय’ म्हणायचं नाही. संपल्यावर एवढंच विचारायचं : आता काय होईल? "कोणीतरी वर येतंय" असं उत्तर आलं तर जिंकलात. "लाइटचं फिटिंग बिघडलंय वाटतं" असं आलं, तर नियम पोचलेला नाही. त्यासाठी नवीन शूट लागत नाही. पहिल्या मजल्यावर बाईचं पाऊल पडण्याआधीचा अंधार दोन सेकंदं जास्त ठेवायचा, म्हणजे दिवा तिच्यामुळे लागला हे दिसतं. आणि तिच्या मागे तो विझतानाचा शॉट कापलेला असेल, तर मुकाट्याने परत आणायचा. धडधडणाऱ्या हृदयाचा फुकट डाउनलोड केलेला आवाजही बहुधा तेव्हाच काढता येतो. दुसऱ्या दिव्याच्या वेळी नुसती शांतता ठेवली की समोरचा माणूस हातातला मोबाइल खाली ठेवतो.

कॉलेजच्या हॉलमधला प्रोजेक्टर ही शेवटची चाळणी. उजेड आत येणाऱ्या हॉलमध्ये पडद्यावर काळा रंग उरत नाही, राखाडी होतो. लॅपटॉपवर, रात्री, पांघरुणात बसून पक्क्या केलेल्या अंधाऱ्या फ्रेममध्ये तिथे नुसतं धुकं दिसतं. आदल्या दिवशी फाइल तिथे लावून शेवटच्या रांगेत जाऊन बसावं. विझलेला मजला आणि लागलेला मजला यांत फरक कळत नसेल, तर विझलेला आणखी काळा करून उपयोग नाही; लागलेला उजळ करावा. आणि हॉलचे पडदे ओढायचं काम ज्या शिपाईमामांकडे आहे, त्यांना दुपारीच गाठावं, कारण ते साडेपाचला निघतात आणि शो सहाचा असतो.