व्हेलला कापणारा पंखा कुठला?

परवा आईचा फोन. "अरे, आपल्या गणपतीपुळ्याचं ते व्हेलचं पिल्लू पवनचक्कीमुळे गेलं म्हणे, खरंय का?" म्हटलं तुला कोणी सांगितलं, तर न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या मावशीने फॅमिली ग्रुपवर टाकलंय. उघडून बघितलं. समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या आवाजाने व्हेल वेडे होऊन किनाऱ्यावर येऊन मरतायत, न्यू जर्सीत हेच झालं, डेन्मार्कने शहाणं होऊन आपल्या पवनचक्क्या उखडल्या, आता कोकणचा नंबर आणि गणपतीपुळे ही सुरुवात. खाली मेलेल्या व्हेलचा फोटो आणि हात जोडलेले तीन इमोजी.

आधी गणपतीपुळेच घेतो, कारण डोकं तिथेच फिरलं. नोव्हेंबर 2023, ऐन दिवाळी. आई रत्नागिरीहून खास बघायला गेली होती. पिल्लाच्या पाठीवर ओली फडकी टाकलेली, माणसं सारखं पाणी मारतायत, जेसीबी आणलाय, भरतीची वाट बघतायत. कसंबसं समुद्रात सोडलं आणि ते परत किनाऱ्याला लागलं ते मेलेलंच. आईने त्यानंतर दोन दिवस फराळाला हात लावला नव्हता. आता मला सांगा, तेव्हा भारताच्या अख्ख्या समुद्रात वीज बनवणाऱ्या पवनचक्क्या किती होत्या? शून्य. केंद्राने समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी 7453 कोटींची योजना मंजूर केली ती जून 2024 मध्ये, म्हणजे पिल्लू गेल्यावर सात महिन्यांनी, आणि तीही गुजरातला 500 मेगावॉट, तमिळनाडूला 500 मेगावॉट. कोकणचं त्यात नावही नाही. जी पवनचक्की उभीच नव्हती तिने पिल्लू मारलं, वा!

न्यू जर्सीचं तेवढं हसण्यावारी नेण्यासारखं नाही, कारण तिथे व्हेल खरंच मेले. डिसेंबर 2022 पासून पुढचे काही महिने न्यू यॉर्क-न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर एकामागून एक हंपबॅक जातीचे व्हेल वाहून आले, लोक घाबरले, साहजिक आहे. पण तेव्हा न्यू जर्सीच्या समुद्रातही एकही पवनचक्की नव्हती, फक्त तळ तपासणाऱ्या सर्व्हेच्या बोटी फिरत होत्या. त्या बोटींच्या आवाजाने व्हेल मरतात असा काहीही पुरावा नाही असं नोआ, म्हणजे अमेरिकेची समुद्राचं बघणारी सरकारी संस्था, स्पष्ट सांगते. त्यांच्याच नोंदींप्रमाणे हंपबॅकचं हे असं जास्तीचं मरणं जानेवारी 2016 पासून चालू आहे, उत्तरेच्या मेन राज्यापासून दक्षिणेच्या फ्लोरिडापर्यंत, आणि त्या वेळी सगळ्या अमेरिकेच्या समुद्रात काय होतं तर ऱ्होड आयलंडजवळ 5 पवनचक्क्यांचे खांब, वीज द्यायला लागले तेही त्या वर्षीच्या डिसेंबरात. मेलेल्यांपैकी साधारण निम्म्यांचीच तपासणी करता आली, त्यातल्या 40 टक्क्यांच्या आसपास व्हेलवर जहाजाची धडक किंवा जाळ्या-दोरांत अडकल्याच्या खुणा. खाण्याचे मासे किनाऱ्याजवळ आले की व्हेल त्यांच्या मागे येतात, आणि 2022 मध्ये काही महिने न्यू यॉर्क-न्यू जर्सीचं बंदर अमेरिकेतलं सगळ्यात बिझी बंदर होतं. अजून काय सांगायचं? पण जहाजांचा स्पीड कमी करा म्हटलं की कोणी फॉरवर्ड करत नाही.

डेन्मार्क: हो, उखडली. 1991 ची विंडेबी, समुद्रातल्या 11 पवनचक्क्यांची वसाहत, तशी जगातली पहिली. पंचवीस वर्षं चालली, म्हातारी झाली, 2017 मध्ये काढली. शेजारच्यांनी जुना फ्रीज भंगारात दिला म्हणून फ्रीज वाईट झाला का?

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. आवाजाचा मुद्दा सगळाच खोटा नाही. तळात खांब ठोकतात तेव्हा प्रचंड आवाज होतो, डेन्मार्कच्याच हॉर्न्स रेव्ह या समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या प्रकल्पाला पॉर्पॉइज (डॉल्फिनचा बुटका चुलतभाऊ समजा) 20 किलोमीटरवरूनही बिथरलेले आढळले. म्हणून तर जर्मनीने मर्यादा घातली, 750 मीटरवर 160 डेसिबलच्या आत, आणि ती पाळायला खांबाभोवती हवेच्या बुडबुड्यांचा पडदा सोडतात. पक्ष्यांचंही तसंच, जागा चुकली की नुकसान. तेव्हा मावशीला खरंच काळजी असेल तर तमिळनाडूचं विचारावं. तिथे मन्नारच्या आखातात 21 बेटांचं सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, प्रवाळ आहेत, वर पाल्कच्या उपसागरात 2022 मध्ये जाहीर झालेलं 448 चौरस किलोमीटरचं डुगाँगचं (समुद्रगाईचं) राखीव क्षेत्र आहे. केबल कुठून जाणार, खांब कुठल्या महिन्यात ठोकणार, ठोकताना आवाज कोण मोजणार, हे प्रश्न आत्ता विचारायचे. पण त्यात "वेडे झालेले व्हेल" नाहीत ना, मग मजा काय!

राहिला तो फोटो. व्हेलच्या पाठीवर चार-पाच समांतर चिरा, सारख्या अंतरावर, सुरी फिरवल्यासारख्या. झूम करून आईला पाठवला आणि शेजारच्या बोटवाल्या काकांना दाखव म्हटलं. काकांनी चष्माही लावला नाही म्हणे. "वहिनी, पंख्यानेच कापलाय," म्हणाले, "पण पवनचक्कीच्या नाही, बोटीच्या."