‘गाठ साधीही असू शकते’ या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही नाव दिलेलं नाही, फक्त ‘एक डॉक्टर’ एवढंच लिहिलंय. अंडाशयाच्या साध्या गाठींवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही म्हणता: ‘हौशी लेखिकांनी बायकांना खोटा धीर देऊ नये. पाळी गेलेल्या बाईला घट्ट गाठ, पोटात पाणी आणि सीए-१२५ वाढलेलं असेल, तर तो कॅन्सरच समजायचा. असले दुर्मिळ प्रकार वाचून एखादी ऑपरेशन टाळेल.’ (सीए-१२५ म्हणजे रक्तात मोजतात ते एक प्रथिन, अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये ते बहुतेक वेळा वाढतं.) पुढे एमआरआय आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनबद्दल बरंच काही आहे. त्याचा माझ्या लेखाशी संबंध नाही, ते सोडते.

हौशी म्हणालात म्हणून सांगते. माझ्या आईचं पोट फुगलं, चार पायऱ्या चढली की दम लागायला लागला. पोटात पाणी, उजव्या बाजूला छातीत पाणी, अंडाशयात भलीमोठी घट्ट गाठ, सीए-१२५ कितीतरी वाढलेलं. ज्यांनी रिपोर्ट पाहिले त्यांनी ‘शेवटची स्टेज’ असं सरळ सांगून टाकलं. आई शेजारच्याच खुर्चीवर बसली होती. छातीतलं पाणी तोवर तपासायलाही गेलं नव्हतं! आणि त्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या, तरच त्यावरून चौथी स्टेज म्हणतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. आईच्या पाण्यात त्या नव्हत्या. काढलेली गाठ मी ट्रेमध्ये पाहिली. पांढरीफटक, टणक, कापलेल्या बाजूवर वळसेच वळसे. फायब्रोमा, म्हणजे कॅन्सर नसलेली, तंतूंची साधी गाठ. गाठ निघाली आणि दोन्हीकडचं पाणी ओसरलं, ते परत भरलं नाही. हे सगळं मी हौसेनं शिकलेले नाही.

यालाच मेग्ज सिंड्रोम म्हणतात. मेग्ज आणि कॅस या डॉक्टरांनी १९३७ मध्ये असे ७ रुग्ण मांडले होते. तो दुर्मिळ आहे हे मान्य, आणि लेखातही मी तसंच लिहिलंय. पण दुर्मिळ म्हणजे ‘नाहीच’ असं धरून चालायचं का?

‘कॅन्सरच समजायचा’ हे तुमचं वाक्य तर मला अजिबात पटत नाही. सीए-१२५ फक्त कॅन्सरच्या पेशी सोडत नाहीत. पोटाच्या आतल्या अस्तराला त्रास झाला की ते अस्तरही सोडतं, म्हणून पोटाच्या टीबीत, लिव्हर सिरॉसिसमध्ये, हार्ट फेल्युअरमध्येही आकडा चढतो. आरएमआयचं गणित घ्या, म्हणजे गाठ कॅन्सरची असण्याचा धोका किती, ते मोजायचं गणित. पाळी गेली म्हणून ३ गुण, सोनोग्राफीत घट्ट भाग आणि पाणी अशा दोन खुणा दिसल्या म्हणून ३. आता सीए-१२५ अगदी ३० धरा, म्हणजे ३५ च्या नेहमीच्या मर्यादेच्या आत. तिन्हींचा गुणाकार २७०, आणि २०० च्या वर गेलं की संशय. रक्त नॉर्मल असूनही बाई संशयितांच्या रांगेत! हे गणित पेशंटला योग्य सर्जनकडे पाठवण्यासाठी आहे आणि त्यासाठी ते चांगलंच आहे. निदान करणं हे त्याचं काम नव्हे. ते पॅथॉलॉजिस्ट करतो, आणि फ्रोझन सेक्शनची, म्हणजे गाठीचा तुकडा गोठवून लगेच तपासण्याची, सोय असेल तर पेशंट टेबलावर असतानाच बराचसा अंदाज देतो. गाठ साधी निघाली तर कॅन्सरसाठी करतात तेवढी मोठी कापाकापी टळते.

राहिलं ऑपरेशन टाळण्याचं. अशी गाठ पाण्यासकट असेल तर ती काढावीच लागते, आणि तेही लांबवू नये, हे लेखात स्पष्ट आहे. तुम्ही लेख शेवटपर्यंत वाचला नसावा. आमच्या घरी उलटंच झालं. ‘शेवटची स्टेज’ कानावर पडल्यावर आईच म्हणाली, ‘आता कशाला चिरफाड, राहू दे.’ तिला तयार करताना आमचे किती दिवस गेले! धीरानं नव्हे, तुमच्यासारख्यांच्या ठाम बोलण्यानं ती ऑपरेशनला नाही म्हणत होती. याचं उत्तर तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही.

ही प्रतिक्रिया जशीच्या तशी ठेवते आहे. दुसरी मात्र काढली. तिथे बहिणीच्या रिपोर्टबद्दल विचारणाऱ्या एका ताईंना तुम्ही ‘अडाणी’ म्हणालात. मला काय हवं ते म्हणा, त्यांना नाही.